गिरणगावात ग्राहक सहकारी संस्था सुरू करायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लालबाग, परळ, काळाचौकी, शिवडी, डिलाईल रोड, नायगाव. या भागांत चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत आणि एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या मिळकतीची माणसं राहायला लागली आहेत. किराणा मात्र दोघांनाही लागतो. आम्ही काही कुटुंबं काही वर्षांपासून दरमहा एकत्र वाणसामान आणतो, त्यामुळे आसपासच्या चाळी आणि इमारतींतून तेच तेच प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. कायद्याचे संदर्भ महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चे आहेत.

१. ग्राहक सहकारी संस्था म्हणजे नेमकं काय? स्वस्त दुकान का?

दुकान असेल किंवा नसेलही. संस्था म्हणजे ग्राहकांनी स्वतः पैसे घालून, स्वतः चालवलेली खरेदीची व्यवस्था. प्रत्येकजण भाग (शेअर) विकत घेऊन सभासद होतो. कोणाचे कितीही भाग असले तरी सभेत मत एकच. एक भाग घेणाऱ्या मावशींचं मत आणि पन्नास भाग घेणाऱ्या साहेबांचं मत सारखंच मोजलं जातं (कलम २७). खासगी कंपनीत ज्याचे भाग जास्त त्याचं मत जड, सहकारात तसं नाही. आमच्या भागात हा फरक फार मोलाचा आहे, कारण दुसरीकडे कुठेच चाळ आणि टॉवर एका पातळीवर बसत नाहीत.

२. हे इथे नवीन आहे का? कोणी केलंय आधी?

नवीन अजिबात नाही. ‘अपना बाजार’ आता सगळ्यांना दुकानांची साखळी म्हणून माहीत आहे, पण तिची सुरुवात १९४८ साली नायगावात, गिरणी कामगारांच्या वस्तीत झाली. गिरणीतला पगार ठरलेला आणि महागाई मात्र वाढती, अशा दिवसांत कामगारांनी धान्याची सोय स्वतः केली. त्याच्याही शंभर वर्षं आधी, १८४४ मध्ये, इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी विणकरांनी पैसे जमवून पीठ, लोणी, साखर आणि ओटचं पीठ अशा चार जिनसांवर दुकान उघडलं होतं. तेही कापड विणणारेच. आजही जगभरची सहकारी दुकानं त्यांच्या नियमांचा आधार घेतात.

१९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने दुकानाशिवाय चालणारा मार्ग दाखवला. कुटुंबांचे छोटे गट, महिन्याची एकत्र यादी आणि ठरलेल्या दिवशी वाटप. त्याच वर्षी प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना ‘अन्नपूर्णा’मध्ये एकत्र आणलं. म्हणजे दुकान, वाटप गट आणि स्वयंपाक करणाऱ्या बायकांची संघटना, तिन्ही नमुने मुंबईत आपल्या डोळ्यांसमोर आहेत. ‘हे कसं जमणार?’ हा प्रश्न इथल्या आज्यांनी कधीच सोडवलेला आहे.

३. सुरुवात कशी करायची? आधी गाळा बघायचा की आधी नोंदणी?

दोन्ही नाही. आधी यादी.

या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. पंचवीस-तीस कुटुंबं जमवा आणि वर्षभर दरमहा एकत्र खरेदी करा. पहिल्या आठवड्यात यादी, दुसऱ्यात पैसे, तिसऱ्यात माल आणि वाटप. वर्षभरात पाऊसही येतो, गणपतीही येतात, भाव चढतात आणि पडतात, कोणीतरी रुसतं, कोणीतरी घर बदलतं. एवढं होऊनही बाराव्या महिन्यात वीसच्या वर कुटुंबं यादी देत असतील, तर नोंदणीचा विचार करा. गाळा त्याच्याही नंतर. आधी गाळा घेतलेल्या गटांचं भाडं सुरू होतं आणि यादी सुरू होत नाही. मग भाडं निघावं म्हणून दिसेल तो माल भरायचा, आणि तो खपावा म्हणून उधारी द्यायची. तिथून परत येणं कठीण.

४. पंचवीसच कुटुंबं का? आम्ही आठ जण आहोत, चालणार नाही का?

घाऊक बाजारात मोजमाप पोत्याचं असतं. डाळ ३० किंवा ५० किलोच्या पोत्यात येते. समजा, दर घर महिन्याला दोन किलो तूरडाळ घेतं. आठ घरांना १६ किलो लागेल, ५० किलोचं पोतं अर्धंही संपणार नाही. पंचवीस घरांना ५० किलो लागेल, म्हणजे पोतं त्याच दिवशी फुटलं आणि त्याच दिवशी संपलं. साठवण नाही, कीड नाही, अडकलेले पैसे नाहीत. आठ जण असाल तर सुरुवात फक्त तांदूळ, गहू आणि तेल यांवर करा. या तीन जिनसा आठ घरांतही पुरेशा खपतात.

५. कोणत्या जिनसा घ्याव्यात? सगळंच का नको?

सुटं धान्य, डाळी, कडधान्यं, गूळ, पोहे, रवा, शेंगदाणे आणि तेलाचे डबे. यांत घाऊक आणि किरकोळ भावात खरी तफावत असते आणि प्रतही आपल्या हातात राहते. साबण, बिस्किटं, दंतमंजन यांच्या वाटेला जाऊ नका. छापील किमतीच्या मालावर मोठी दुकानं जी सूट देतात ती आपल्याला परवडत नाही. दहा मिनिटांत घरी सामान देणाऱ्या अ‍ॅपशी वेगात स्पर्धा करण्याचंही कारण नाही. महिन्याची डाळ कोणाला दहा मिनिटांत लागत नाही.

मिरची आम्ही यादीत घेत नाही. लालबागची मिरची गल्ली पायाखाली आहे. बेडगी किती, संकेश्वरी किती, कांडप कुठे करायचं, हे तिथले दुकानदार आपल्यापेक्षा कितीतरी जास्त जाणतात. चैत्र-वैशाखात बायका घोळक्याने जाऊन मसाला करून आणतात, ते तसंच राहू द्यावं. संस्थेने सगळंच करायला हवं असं नाही.

६. माल कुठून आणायचा? थेट शेतकऱ्याकडून स्वस्त पडत नाही का?

कधी पडतो, कधी नाही. सुरुवात वाशीच्या बाजार समितीतल्या धान्य बाजारातून करा. दोन-तीन गाळ्यांवर नमुने पाहा, मूठभर डाळ घरी आणून शिजवून बघा, मग भाव ठरवा. भावावर हमाली, तोलाई आणि वाराई किती लागेल ते तिथेच विचारून घ्या. माल चढवण्या-उतरवण्याचं काम माथाडी कामगारांचं आहे आणि त्यांच्या हक्कासाठी १९६९ चा कायदा आहे. ‘आम्हीच उचलतो, हमाली वाचवा’ असा वाद घालू नका. ज्या वस्तीचं पोट कामगार चळवळीवर भरलं, तिने तरी नको.

थेट शेतकऱ्याकडून घ्यायचं तर एखाद्या गावातल्या शेतकरी उत्पादक कंपनीशी बोला, एकेकट्या शेतकऱ्याशी नको. स्वच्छ केलेला, वाळवलेला, पोत्यात भरलेला माल आणि बिल हे सगळं तिथून मिळतं. फळं आणि भाजीपाला २०१६ पासून राज्यात बाजार समितीच्या नियमनातून मुक्त आहेत, त्यामुळे भाजी थेट आणायला अडचण नाही. पण भाजी ही दुसऱ्या वर्षाची गोष्ट. नासकी भाजी पहिल्याच महिन्यात माणसं तोडते.

गावाशी नातं असेल तर ते वापरा. इथल्या निम्म्या घरांची मुळं कोकणात आणि देशावर आहेत. आमच्याकडे ज्वारी मंगळवेढ्याकडची आणि कोकम सिंधुदुर्गातलं येतं, ते कोणाच्या तरी मामाच्या ओळखीनेच. मात्र मामाकडूनही बिल घ्या आणि वजन करूनच घ्या.

७. भाव कसा ठरवायचा? नफा घ्यायचा का?

आधी पडतळ काढा, म्हणजे माल हातात पडेपर्यंतचा सगळा खर्च. समजा, डाळ बाजारात किलोला १०० रुपये. हमाली आणि टेम्पोचे ३, पिशवीचा १, घटीचे दीड. पडतळ झाली १०५ रुपये ५० पैसे. त्यावर पाच टक्के चढवले की साधारण १११.

घट विसरू नका. पन्नास किलोचं पोतं एकेक किलोत तोलताना दर पिशवीत दहा ग्रॅम जास्त गेलं, तर अर्धा किलो कमी भरतो, म्हणजे सरळ एक टक्का गेला. पाखडताना निघणारा कचरा वेगळा. ज्या गटांनी घट धरली नाही ते वर्षाअखेरीस ‘पैसे कुठे गेले’ म्हणून एकमेकांकडे संशयाने बघायला लागले. पैसे कोणी खाल्ले नव्हते, ते पिशव्यांतून गेले होते.

वरचे पाच टक्के ‘नको, ना नफा ना तोटा करू’ असं म्हणणारे नेहमी असतात. त्यांचं मन चांगलं असतं, पण हिशेब चुकतो. एक पोतं खराब निघालं की ना-नफावाली संस्था थेट तोट्यात जाते. उरलेल्या पैशाचं काय होतं ते प्रश्न १२ मध्ये आहे.

८. पैसे आधी घ्यायचे? लोक देतील?

आधीच घ्यायचे, आणि संस्थेच्या किंवा गटाच्या संयुक्त खात्यातच. कोणाच्याही वैयक्तिक मोबाइल क्रमांकावर घेऊ नका, तो माणूस कितीही विश्वासाचा असला तरी. हा नियम त्या माणसाच्याच बाजूचा आहे. उद्या कोणी बोट दाखवलं तर त्याच्याकडे खात्याचा उतारा असतो. खात्यावर दोघांच्या सह्या हव्यात. खरेदीचं प्रत्येक बिल त्याच दिवशी सगळ्यांना दिसेल असं ठेवा.

एक धोक्याची सूचना. ‘तुमचे दहा हजार ठेवा, वर्षाने व्याजासह देऊ’ अशा ठेवी नोंदणीआधी कधीच घेऊ नका. अनियंत्रित ठेव योजनांवर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. मालासाठी आगाऊ पैसे घेऊन माल देणं वेगळं आणि ठेव घेणं वेगळं. नोंदणीनंतरही ठेवी आणि कर्जाला कलम ४३ ची बंधनं आहेत.

९. उधारी द्यायची की नाही? ज्यांना खरी गरज आहे तेच आगाऊ पैसे देऊ शकत नाहीत.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात अवघड प्रश्न. गिरणगाव उधारीच्या वहीवरच जगलं. महिन्याचं सामान वाण्याकडून न्यायचं आणि पगाराला चुकतं करायचं, हीच रीत होती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, तेव्हा कित्येक घरांच्या चुली काही महिने त्याच वहीवर पेटल्या. पुढे ज्या वाण्यांना ते पेलवेना, त्यांनी हात आखडला. त्यांचंही बरोबर होतं, घाऊक बाजार त्यांना थांबायला तयार नव्हता.

म्हणून संस्थेच्या खरेदीच्या पैशातून उधारी नाही, कोणालाच नाही, अध्यक्षालाही नाही. भांडवल वहीत अडकलं की पुढच्या महिन्याचं पोतं येत नाही, आणि त्याचा फटका वेळेवर पैसे देणाऱ्यांना बसतो.

पण तिथेच हात झटकू नका. आम्ही तीन सोयी करून पाहिल्या आणि तिन्ही टिकल्या. एक, आठवड्याचा हप्ता. घरकाम करणाऱ्या, रोजंदारीवरच्या सभासद चार आठवडे थोडे थोडे भरतात आणि महिन्याच्या शेवटी माल नेतात. दोन, अर्धी यादी. महिन्यातून दोनदा वाटप होतं आणि प्रत्येक वेळी निम्मेच पैसे द्यावे लागतात. तीन, वेगळा मदतनिधी. ज्यांना वाटेल ते यादीबरोबर दहा-वीस रुपये जास्त देतात, आणि आजारपण किंवा नोकरी गेली असेल तर त्यातून एका घराची एका महिन्याची यादी भरली जाते. कोणाची भरली, ते फक्त निधी सांभाळणाऱ्या दोघींना माहीत असतं. ते घर पुढे जमेल तसं परत करतं किंवा करत नाही, विचारायचं नाही.

१०. आपण वाण्याच्या पोटावर पाय देतोय का?

प्रश्न योग्य आहे, आणि विचारणाऱ्यांबद्दल आम्हाला आदर आहे. पन्नास घरांनी महिन्याची डाळ दुसरीकडून घेतली तर कोपऱ्यावरच्या दुकानाला ते जाणवतं. आम्ही आमच्या दुकानदार काकांना पहिल्याच महिन्यात जाऊन सांगितलं. सुटी साखर, दूध, अंडी, अडीअडचणीचं सामान आम्ही तिथूनच घेतो आणि यादीत ते कधी आणत नाही. एकदा आमचा टेम्पो बंद पडला तेव्हा त्यांच्याच ओळखीने दुसरा मिळाला. त्यांच्या धंद्यावरचा खरा भार पुनर्विकासात वाढलेल्या भाड्याचा आहे, आपल्या यादीचा नाही. तरी लपवून करू नका. ज्याने वेळप्रसंगी उधार दिलं, त्याला ही गोष्ट दुसऱ्याकडून कळू नये.

११. नोंदणी कशी होते? किती माणसं लागतात?

कायद्यात किमान दहा व्यक्ती सांगितल्या आहेत, प्रत्येक वेगळ्या कुटुंबातली (कलम ६). पण संस्थेचा प्रकार आणि ती टिकण्याची शक्यता पाहून निबंधक जास्त संख्या ठरवू शकतात. म्हणून कागद करण्याआधी आपल्या विभागाच्या उपनिबंधक कार्यालयात जाऊन ग्राहक संस्थेसाठी सध्या किती सभासद आणि किती भागभांडवल लागतं ते विचारा. लालबाग-परळ-शिवडी महापालिकेच्या एफ दक्षिण विभागात येतात, वरळी-लोअर परळ जी दक्षिणमध्ये. दोन्हीकडचे सभासद असतील तर कार्यक्षेत्र कसं लिहायचं तेही तिथेच विचारून घ्या.

सभा घ्या, मुख्य प्रवर्तक निवडा, नाव ठरवा, बँकेत खाते उघडण्याची परवानगी घ्या, भागांचे पैसे गोळा करा, उपविधी (संस्थेचे स्वतःचे नियम) आणि योजना जोडून अर्ज करा. योजनेत तुमच्या वर्षभराच्या खरेदीचे आकडे घाला. ‘आम्ही करणार आहोत’ यापेक्षा ‘आम्ही बारा महिने केलं, हे बघा’ हे कागदावर फार वजनदार दिसतं. प्रश्न ३ मधल्या त्या एका वर्षाचा हा दुसरा फायदा.

१२. वर्षाअखेरीस पैसे उरले तर वाटून घेता येतात?

सगळे नाही, काही रक्कम घेता येते. निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावाच लागतो (कलम ६६). भागांवरचा लाभांश साधारणपणे १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही (कलम ६७). उपविधीत तरतूद असेल तर खरेदीच्या प्रमाणात सूटही परत देता येते, आणि आम्हाला तीच जास्त न्याय्य वाटते. जिने वर्षभर संस्थेतून सामान नेलं तिला जास्त, जिने नुसते भाग घेऊन ठेवले तिला कमी. रॉचडेलच्या विणकरांनीही असंच ठरवलं होतं.

१३. परवाने कोणते लागतात? आम्ही तर नफ्यासाठी करत नाही.

नफ्यासाठी नसलं तरी लागतात. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात अन्नव्यवसायाची व्याख्याच ‘नफ्यासाठी असो वा नसो’ अशी आहे. लहान उलाढालीला नोंदणी आणि मोठीला परवाना. उलाढालीची मर्यादा अर्ज करताना पाहून घ्या. काटा वैधमापन खात्याकडून तपासून, शिक्का मारून घ्यावा लागतो आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची ही तपासणी दरवर्षी होते. स्वयंपाकघरातला छोटा काटा चालत नाही.

१४. सुट्या धान्यावर जीएसटी नाही ना? मग आम्ही एकेक किलोच्या पिशव्या करून नाव छापलं तर?

इथे बरेच गट फसतात. १८ जुलै २०२२ पासून, २५ किलोपर्यंतच्या आधीच बांधलेल्या आणि लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर पाच टक्के कर आहे. पोतं उघडून सभासदासमोर तोलून दिलं तर तो लागत नाही. पण तुम्ही हौसेने संस्थेचं नाव छापून आधीच पिशव्या भरून ठेवल्या, तर तो बांधीव माल झाला. शिवाय बांधीव मालावर वजन, किंमत, बांधणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष हे सगळं छापणंही आलं. मालाची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीच सहसा लागत नाही, तरी सवय सुट्या वाटपाचीच ठेवा. सभासदांनी डबे घेऊन यावं. प्लॅस्टिकही वाचतं आणि डाळ डोळ्यांसमोर तोलली जाते.

१५. पावसाळ्यात कीड लागते. काय करता?

साठवतच नाही. एका जूनच्या आधी भाव उतरले म्हणून आम्ही सहा पोती मसूर आणि चवळी घेऊन ठेवली. श्रावणात चवळीला टोके लागले, अडीच पोती फेकावी लागली आणि वर्षभराची पाच टक्क्यांची शिल्लक तिथेच संपली. तेव्हापासून जून ते सप्टेंबर महिन्याच्या यादीपेक्षा एक पोतंही जास्त आणत नाही. पोती जमिनीवर ठेवायची नाहीत, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब.

घरी लोक डाळीला बोरिक पावडर लावतात. विकायच्या किंवा वाटायच्या धान्याला ती लावू नका. आणि धान्यात टाकायच्या विषारी वायूच्या गोळ्या राहत्या इमारतीत अजिबात आणायच्या नाहीत. बंद खोलीत तो वायू माणसाचा जीव घेतो.

१६. जागा नाही. मंडळाची खोली किंवा सोसायटीचं कार्यालय वापरलं तर?

महिन्यातून दोन दिवसांच्या वाटपाला मंडळाची खोली, व्यायामशाळा किंवा चाळीचा चौक पुरतो. लेखी परवानगी घ्या आणि थोडं का होईना भाडं द्या, म्हणजे उपकाराचं ओझं राहत नाही. निवडणुकीच्या तोंडावर एखादा पुढारी ‘मी गाळा देतो’ म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा. गाळ्याबरोबर फलक येतो, आणि फलक आला की दुसऱ्या पक्षाची घरं यादी देणं बंद करतात. गणपतीच्या दिवसांत लालबागेत टेम्पो शिरत नाही, त्यामुळे भाद्रपदाचं वाटप श्रावणातच उरका.

गृहनिर्माण संस्थेमार्फतच व्यवहार करावा का, असंही विचारतात. नको. तिचा उद्देश इमारत सांभाळणं हा आहे, किराण्याचा हिशेब देखभालीच्या हिशेबात मिसळतो. शिवाय ती एका आवारापुरती असते. पुनर्विकासानंतर बऱ्याच ठिकाणी रहिवाशांची इमारत आणि विक्रीची इमारत यांच्यामध्ये भिंत असते, दारंही वेगळी. आपली संस्था त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंची असली पाहिजे.

१७. टॉवरमधल्या लोकांना सेंद्रिय हवं, चाळीतल्यांना स्वस्त. एकत्र कसं जमवायचं?

यादी एकच, प्रती दोन. साधी तूरडाळ आणि सेंद्रिय तूरडाळ शेजारी शेजारी. नियम एवढाच की दहा घरांनी मागितल्याशिवाय नवीन जिन्नस येत नाही, आणि एका जिनसेचा तोटा दुसऱ्या जिनसेवर चढवत नाही. पाच घरांच्या किन्व्यासाठी चाळीस घरांचा तांदूळ महाग करायचा नाही. उलट, टॉवरमधल्या घरांना हातसडीचा तांदूळ आणि गावठी कुळीथ कळला तो चाळीतल्या आजींकडून, आणि आता ते दहाच्या कितीतरी वर गेले आहेत.

चाळीतून टॉवरमध्ये गेलेल्यांनाही विसरू नका. बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली जाऊन ५०० चौरस फुटांचं घर मिळालं, पण देखभालीचा खर्च मागे लागला. त्यांना पत्ता बघून श्रीमंत समजू नका.

१८. काही सभासद म्हणतात सुकी मासळी यादीत नको. काय करायचं?

सोडे, सुकट आणि बोंबील हे इथल्या घरांचं पावसाळ्यातलं जेवण आहे. मासळी नको असणाऱ्याने ती मागवू नये, पण दुसऱ्याच्या ताटातून काढायला सांगू नये. सुकी मासळी वेगळ्या दिवशी, वेगळ्या जागी, वेगळ्या काट्यावर वाटा. वासाची तक्रार खरी असते आणि ती अशा सोयीने मिटते. त्याउपर कोणी हट्ट धरला तर विषय सर्वसाधारण सभेत मांडा आणि प्रश्न १ मधलं एक मत वापरा. ‘वाद नको’ म्हणून समितीने गुपचूप मासळी वगळू नये. यादीतून पहिल्यांदा मासळी जाते, मग ती खाणारी घरं जातात.

१९. भाडेकरू किंवा अकरा महिन्यांच्या करारावर राहणारे सभासद होऊ शकतात?

कार्यक्षेत्रात राहत असतील तर होऊ शकतात, घर स्वतःचं असण्याची अट घालू नका. ज्यांना थोड्याच दिवसांसाठी यायचं आहे त्यांना नाममात्र सभासद करता येतं (कलम २४), पण त्यांना नफ्यात वाटा नसतो. पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय नाकारता येत नाही. अर्जावर तीन महिन्यांत काही कळवलं नाही, तर तो सभासद झाल्याचं मानलं जातं. जात, धर्म, भाषा यांवरून अर्ज लोंबकळत ठेवणाऱ्या समित्यांनी हे वाचून घ्यावं.

२०. पुनर्विकासासाठी चाळ रिकामी होतेय. निम्मे सभासद विरार-बदलापूरला चाललेत. संस्था मोडायची का?

घाई करू नका. तात्पुरतं बाहेर गेलेल्यांचं सभासदत्व चालू राहील अशी तरतूद उपविधीत शक्यतो सुरुवातीलाच करून ठेवा. नंतर दुरुस्तीला सभा आणि निबंधकांची मंजुरी लागते. तिकडे चार-पाच घरं जवळ राहत असतील तर त्यांचा गट करा. महिन्याला एक टेम्पो तिकडे गेला तरी पुरतो, मात्र वाहतूक त्या गटाच्या पडतळीत धरा. काही वर्षांनी माणसं नव्या इमारतीत परत येतात तेव्हा शेजार बदललेला असतो, मजले बदललेले असतात. ओळखीची यादी चालू असेल तर ती घरं पुन्हा एकमेकांना सापडतात.

२१. सगळं काम चार बायकांवरच पडतं. बाकीचे फक्त माल न्यायला येतात.

आमच्याकडेही हेच झालं होतं, आणि तिसऱ्या वर्षी त्या चौघींनी एकदम काम थांबवलं. बरोबरच केलं. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनमध्ये पार्क स्लोप नावाची सहकारी संस्था १९७३ पासून आहे. तिथे सभासदाने ठरावीक पाळी करावीच लागते, तरच सामान मिळतं. आम्ही तोच नियम सौम्य करून घेतला. प्रत्येक घराने तीन महिन्यांतून एकदा दोन तास द्यायचे. पोती उतरवणं, तोलणं, झाडलोट आणि हिशेब या कामांची पाळी लावलेली असते, आणि ‘घर’ म्हणजे घरातली बाई असा अर्थ धरायचा नाही. म्हातारे, आजारी आणि बाळंतिणींना सूट. काम वाढलं आणि माणूस पगारावर ठेवला, तर किमान वेतन द्या.

२२. संस्था नाहीच चालली तर? राखीव निधी वाटून घेता येतो?

नाही. संस्था अवसायनात गेली, म्हणजे कायद्याने गुंडाळायला घेतली, तर आधी देणी चुकती होतात. त्यानंतर उरलेली रक्कम सभासदांत वाटता येत नाही, ती कायद्याने ठरवलेल्या कामाला जाते (कलम ११०). दरवर्षी ३१ जुलैपर्यंत लेखापरीक्षण आणि ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा केलेली असेल तर बंद करणंही सोपं जातं. कागद अर्धवट असतील तर माल संपून दोन वर्षं झाली तरी समितीचे सदस्य कार्यालयाच्या फेऱ्या मारत राहतात. नोंदणी न झालेला गट बंद करायचा असेल तर शेवटच्या वाटपाच्या दिवशी हिशेबाचा कागद दारावर लावा, उरलेले पैसे प्रत्येकाच्या खात्यात परत करा आणि काटा पुढच्या चाळीतल्या गटाला देऊन टाका. आमचा पहिला काटा असाच आला होता.